भाड्याच्या घराचा करार ११ महिन्यांचाच का असतो? आणि डिपॉझिट अडकलं तर काय?

"१ बीएचके, सेमी फर्निश्ड. स्टेशनपासून १० मिनिटं. भाडं १८, डिपॉझिट ५०. ओन्ली फॅमिली. ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट. ब्रोकरेज एक महिना."

डोंबिवली, कल्याण, ठाणे, वसई-विरार, पनवेल किंवा पुण्याजवळचं वाकड. यातल्या कुठल्याही भागात तुम्ही भाड्याचं घर शोधलं असेल, तर असा मेसेज तुमच्या व्हॉट्सअॅपवर पडून असणार. त्यातली १० मिनिटं चालत की रिक्षाने, हे कधीच लिहिलेलं नसतं. पण बाकीच्या ओळींचं काय? ११ महिनेच का? डिपॉझिट किती घ्यायचं हे कोण ठरवतं? 'ओन्ली फॅमिली' म्हणणं कायद्यात बसतं का?

आपण हे सगळं गृहीत धरतो आणि एजंट दाखवेल तिथे सही करतो. वाद होतो तो घर सोडताना, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हा मेसेज एकेक ओळ घेऊन समजून घेऊया.

११ महिने आले कुठून?

याचं एक उत्तर आहे १९०८ सालच्या नोंदणी कायद्यात. या कायद्यानुसार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करणं बंधनकारक आहे. म्हणून देशभरात लोकांनी सोपा मार्ग काढला. करार वर्षाच्या आत ठेवायचा. रजिस्ट्रेशनची कटकट नाही. अशी ११ महिन्यांची प्रथा पडली.

मुंबई आणि महाराष्ट्रात मात्र या प्रथेमागे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे घरमालकांची भीती.

ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १९४७ साली मुंबई राज्यात भाडे नियंत्रण कायदा आला. दुसरं महायुद्ध आणि फाळणीनंतर शहरात घरांची प्रचंड टंचाई होती. भाडेकरूंची लूट होऊ नये म्हणून 'प्रमाणित भाडं' ठरलं आणि त्यासाठी सप्टेंबर १९४० मधलं भाडं आधाराला धरलं गेलं. हेतू चांगला होता, पण भाडं वर्षानुवर्षं तिथेच अडकलं. दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या चाळींमध्ये लोक पिढ्यानपिढ्या नाममात्र भाड्यात राहिले. मालकाला त्या पैशात दुरुस्तीही परवडेना. पागडी पद्धत इथेच फोफावली.

भाडेकरू ठेवला की तो निघत नाही, हे मालकांच्या लक्षात आलं. मग त्यांनी 'भाडेकरू' हा शब्दच टाळला. त्याऐवजी 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणजे केवळ वापराची परवानगी द्यायला सुरुवात केली. तुम्ही भाडेकरू नाही, तुम्हाला फक्त राहायची मुभा आहे, असा त्याचा अर्थ.

पण १९७३ मध्ये राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती केली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूंसारखं संरक्षण मिळालं. ज्यांनी तात्पुरतं म्हणून घर दिलं होतं, त्या मालकांना ते परत मिळणं अवघड झालं. आजही एखादे काका "भाडेकरू ठेवायचा नाही रे बाबा, घर बळकावतात" असं म्हणतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हा सगळा इतिहास असतो.

१९९९ मध्ये काय बदललं?

डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात सांगितलं, की काळ बदलला तरी भाडं गोठवून ठेवणाऱ्या मुंबई कायद्यातल्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आज तुम्ही लीव्ह अँड लायसन्सवर घर घेता, तेव्हा हाच कायदा लागू होतो. त्यातली दोन कलमं प्रत्येकाला माहिती हवीत.

पहिलं, कलम २४. लायसन्सची मुदत संपली की घर रिकामं करावंच लागतं. नाही केलं तर मालक 'सक्षम प्राधिकाऱ्या'कडे अर्ज करू शकतो. ही प्रक्रिया नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा झटपट आहे. शिवाय मुदत संपल्यावर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. १८ हजार भाडं असेल तर महिन्याला ३६ हजार.

दुसरं, कलम ५५. करार लेखी आणि रजिस्टर केलेलाच हवा. इथे मुदतीची अट नाही. ११ महिने असोत की ३ वर्षं, महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे.

म्हणजे "११ महिन्यांचं आहे, रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी करून टाकू" असं कुणी सांगत असेल, तर महाराष्ट्रापुरतं ते चूक आहे. १९०८ च्या कायद्यातली पळवाट इथे चालत नाही. प्रथा मात्र राहिली.

नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे, करार रजिस्टर नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोंदणी न करण्यात जास्त धोका मालकाचा आहे. एखादा मालक टाळाटाळ करत असेल, तर त्याला ही एक ओळ शांतपणे सांगून बघा.

रजिस्ट्रेशनला खर्च किती येतो?

ही रक्कम लोकांना वाटते तेवढी मोठी नसते. मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी लागते. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे.

वरच्या मेसेजमधलंच घर घेऊ. १८ हजार गुणिले ११ म्हणजे १ लाख ९८ हजार. ५० हजार डिपॉझिटवर ११ महिन्यांचं व्याज साधारण ४,६०० रुपये. एकूण २ लाख २ हजार ६०० च्या आसपास. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे जेमतेम ५०० रुपये. वरच्या शंभरात धरलं तर ६००. नोंदणी फी मिळवून १,६०० रुपये झाले. घरी येऊन अंगठा घेणाऱ्या एजंटचे पैसे वेगळे. तो किती घेतो ते आधी विचारून घ्या, कारण "रजिस्ट्रेशनचा खर्च" म्हणून सगळं एकत्र सांगितलं जातं आणि त्यात सरकारकडे किती गेलं हे कळत नाही.

आता हेच घर ३६ महिन्यांसाठी घेतलं तर? स्टॅम्प ड्युटी साधारण १,७०० आणि नोंदणी फी एक हजार, म्हणजे २,७०० रुपये. त्याच काळात ११ महिन्यांचे तीन करार केले तर सरकारी खर्चच साडेचार हजारांच्या पुढे जातो. एजंटची फी तीनदा, ती वेगळी. ६० महिन्यांपर्यंतचा लीव्ह अँड लायसन्स करार याच पद्धतीने करता येतो आणि दर वर्षी भाडं किती वाढणार हेही त्यातच लिहिता येतं.

मग सगळे ११ महिन्यांचाच करार का करतात? मालकाला दर वर्षी भाडं वाढवायची मोकळीक हवी असते. एजंटला दर वर्षी काम मिळतं. आणि आपण विचारत नाही.

मालकाची भीती गेली, भाडेकरूची?

१९९९ च्या कायद्यातली खरी उणीव इथे दिसते.

मालकाचा मोठा प्रश्न होता, घर परत मिळेल का? त्यावर कायद्याने स्वतंत्र प्राधिकारी दिला, झटपट प्रक्रिया दिली, दुप्पट भरपाई दिली. भाडेकरूचा मोठा प्रश्न असतो, डिपॉझिट परत मिळेल का? त्यासाठी असा कोणताही झटपट मार्ग नाही. मालकाने पैसे अडवले तर वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी न्यायालय. २०-२५ हजारांसाठी कोण कोर्टात जाणार? मालकालाही ते माहिती असतं.

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी एक घर सोडलं, तेव्हा ४० हजारांतले ११ हजार 'पेंटिंग'चे म्हणून कापले गेले. घर घेतानाच भिंतीला ओल होती. पण माझ्याकडे त्याचा एकही फोटो नव्हता आणि करारात पेंटिंगबद्दल एक ओळही नव्हती. नवीन घराचं डिपॉझिट त्याच आठवड्यात द्यायचं होतं. भांडायला वेळ नव्हता. उरलेले २९ हजार मिळाले यातच समाधान मानलं. बहुतेकांचं असंच होतं, कारण एक डिपॉझिट सुटल्याशिवाय दुसरं भरता येत नाही.

डिपॉझिट किती असावं यावरही लीव्ह अँड लायसन्ससाठी राज्याच्या कायद्यात मर्यादा नाही. दोन महिन्यांचं, तीन महिन्यांचं की सहा महिन्यांचं, हे त्या भागातली मागणी ठरवते. भाडं किती वाढवायचं याचंही तेच. जुन्या भाडेकरूंसाठी वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे. लीव्ह अँड लायसन्समध्ये करारात जे लिहाल तेच.

केंद्र सरकारने यावर एक नमुना मांडला आहे. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'आदर्श भाडेकरार कायदा' मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं असावं, घरात येण्याआधी मालकाने २४ तास आधी कळवावं आणि वादांसाठी वेगळं भाडे न्यायालय असावं अशा तरतुदी आहेत. मालकाच्या बाजूनेही तो कडक आहे. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं. पण हा फक्त नमुना आहे. राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू होतो. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे "आता दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं" असे रील्स बघून एजंटशी भांडायला जाऊ नका.

'हेवी डिपॉझिट'चा सापळा

उपनगरांत आणखी एक प्रकार चालतो. भाडं शून्य, पण डिपॉझिट १० ते १५ लाख. घर सोडताना पूर्ण रक्कम परत. ऐकायला छान वाटतं. दर महिन्याचा खर्च वाचतो आणि पैसे बुडत नाहीत.

पण प्रश्न असा, की मालकाला एकदम १५ लाख कशाला हवे असतात? कुणी धंद्यात घालतो, कुणी जुनं कर्ज फेडतो, कुणी दुसऱ्या फ्लॅटचं बुकिंग करतो. म्हणजे तुम्ही त्याला बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज दिलेलं असतं. तुम्ही घर सोडाल तेव्हा तो ते कुठून देणार? बऱ्याचदा पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून. तो मिळाला नाही तर तुम्ही अडकलात.

त्याहून वाईट शक्यता म्हणजे त्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज असणं. हप्ते थकले तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक घराचा ताबा घेऊ शकते. कर्जानंतर आणि बँकेच्या संमतीशिवाय आलेल्या राहणाऱ्याची बाजू तिथे कमजोर असते. घरही जातं आणि १५ लाख मालकाकडून वसूल करायचे राहतात. म्हणून हेवी डिपॉझिट द्यायचंच असेल, तर घरावर कर्ज आहे का हे सोसायटीच्या ऑफिसात विचारा, पूर्ण रक्कम बँकेतून द्या आणि करारात ती रक्कम पूर्ण लिहिली आहे ना, ते बघा. "करारात ५० हजारच दाखवू, स्टॅम्प ड्युटी वाचेल" असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. १५ लाखांवर ११ महिन्यांसाठी लागणारी ड्युटी काही शे रुपयांचीच असते. तेवढ्यासाठी १५ लाखांचा पुरावा घालवू नका.

पण उपनगरात भाडं एवढं का वाढतंय?

याचं एक मोठं कारण म्हणजे रिडेव्हलपमेंट.

समजा, मुलुंड किंवा बोरिवलीतली ६० घरांची जुनी इमारत पाडायला निघाली. नवी इमारत होईपर्यंत बिल्डर प्रत्येक कुटुंबाला दरमहा भाडं देतो. ही ६० कुटुंबं लांब जात नाहीत. मुलांची शाळा, आजीचा डॉक्टर, ठरलेली लोकल, सगळं तिथेच असतं. म्हणून ती एकाच वेळी त्याच एक-दोन किलोमीटरमध्ये घर शोधतात. भाड्याचे पैसे त्यांच्या खिशातून जात नसल्याने थोडं जास्त द्यायलाही तयार होतात. मालकांना हे कळतं आणि त्या भागाचा नवा दर तयार होतो. अशा पाच-दहा इमारती एकाच वेळी निघाल्या की पगारातून भाडं भरणारा माणूस मागे पडतो. तो ठाण्याला जातो. ठाण्यातला डोंबिवलीला, डोंबिवलीतला बदलापूरला. सीएसएमटीपासून डोंबिवली साधारण ४८ किलोमीटर आणि बदलापूर साधारण ६८. भाड्यात वाचलेले पैसे अशा रीतीने प्रवासाच्या तासांत मोजावे लागतात.

दुसरी बाजू पुरवठ्याची. घरं कमी आहेत असं आपल्याला वाटतं, पण २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली होती. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालाने याकडे लक्ष वेधलं. रिकाम्या घरांत महाराष्ट्र सगळ्यात पुढे होता, साधारण २० लाख. एकट्या मुंबईत जवळपास ४ लाख ८० हजार. याच अहवालानुसार शहरांतल्या घरांमध्ये भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला.

लोक घर रिकामं का ठेवतात? ७५ लाखांचा फ्लॅट १८ हजारांनी दिला तर वर्षाला २ लाख १६ हजार मिळतात. म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. बँकेतली एफडी बरी. त्यातून मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, दुरुस्ती. वर घर बळकावलं जाईल ही जुनी भीती. किंमत वाढेल तेव्हा विकू, तोपर्यंत कुलूप बरं, असा हिशोब अनेक जण करतात. निवृत्तीनंतर दुसऱ्या फ्लॅटचं भाडं हीच ज्यांची पेन्शन आहे, अशा मालकांचा धास्तावलेपणाही खोटा नाही. एका वाईट भाडेकरूने त्यांचं वर्ष बिघडतं. म्हणून नियम दोघांनाही भरवसा वाटेल असे हवेत.

सोसायटी काय विचारू शकते आणि काय नाही?

मालक तयार, तुम्ही तयार, आणि मग सेक्रेटरी म्हणतात, "आमची एनओसी लागेल."

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या मॉडेल बायलॉजनुसार फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. मालकाने सोसायटीला कळवायचं, कराराची प्रत द्यायची आणि पोलिसांना माहिती दिल्याची प्रत द्यायची. सोसायटीला माहिती मिळण्याचा हक्क आहे, मुलाखत घेऊन पास-नापास करण्याचा नाही.

मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस' लावते. त्यावर मर्यादा आहे. १ ऑगस्ट २००१ च्या राज्य सरकारच्या आदेशानुसार हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. मुंबई हायकोर्टाने २००७ मध्ये हा आदेश कायम ठेवला. म्हणजे सेवा शुल्क दोन हजार असेल तर जास्तीत जास्त २०० रुपये. हे शुल्क सोसायटी मालकाकडून घेते. तुमच्या माथी मारायचं असेल तर ते करारात आधी ठरलेलं हवं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याची जबाबदारीही मालकाची आहे. पोलीस आयुक्त तसे आदेश काढतात आणि न पाळणाऱ्या मालकांवर गुन्हे दाखल होतात. ही माहिती ऑनलाइन भरता येते. ती भरल्याची पावती स्वतःकडे ठेवा.

'ओन्ली फॅमिली' कायद्यात बसतं का?

या प्रश्नाचं उत्तर अनेकांना आवडणार नाही.

मॉडेल बायलॉजमध्ये 'बॅचलरला घर देऊ नये' असा नियम नाही. त्यामुळे सोसायटी नुसत्या फलकावर असा नियम लावत असेल, तर तो कशाच्या आधारे हे मालक विचारू शकतो. पण मालकानेच ठरवलं, की मला एकटी मुलगी नको, मुस्लिम कुटुंब नको, मांसाहारी नको, तर? राज्यघटनेचं कलम १५ भेदभावाला मनाई करतं, पण मुख्यतः सरकारला. खासगी व्यक्तींसाठी त्यात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते अशा सार्वजनिक जागांचा उल्लेख आहे. भाड्याचं घर त्या यादीत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सदस्यत्व पारशींपुरतं ठेवण्याचा संस्थेचा नियम मान्य केला होता. ते प्रकरण सदस्यत्वाचं होतं, भाड्याचं नव्हतं. पण कायद्याचा कल त्यातून कळतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला. राज्यभर संताप उसळला आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तो संताप योग्यच होता. पण मराठी म्हणून नाकारलं तेव्हा जे झोंबलं, तेच रोज कुणाला आडनावावरून, कुणाला धर्मावरून, तर कुणाला एकटी राहते म्हणून ऐकावं लागतं. आणि नाकारणाऱ्यांत मराठी मालकही असतात. घर नाकारण्याच्या विरोधात स्पष्ट कायदा हवा असेल, तर तो सगळ्यांसाठीच हवा.

आणि इमारतच बेकायदा असेल तर?

घर घेणारा माणूस कागद तपासतो. भाड्याने घेणारा म्हणतो, "मला काय करायचंय, ११ महिने तर राहायचंय." उपनगरांत हे महागात पडू शकतं.

कल्याण-डोंबिवलीत बनावट कागदपत्रांच्या आधारे उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचे आदेश मुंबई हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले. नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारतींवर कोर्टाच्या आदेशाने कारवाई झाली आणि २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या. अशा वेळी घर विकत घेतलेल्यांचं दुःख बातम्यांत येतं. भाडेकरूचं मात्र कुणी विचारत नाही. त्याला सामान उचलून निघावं लागतं आणि डिपॉझिट ज्याच्याकडे असतं, त्या मालकाचंच सगळं गेलेलं असतं.

सही करण्याआधी काय बघाल?

– समोरचा माणूस खरंच मालक आहे का? 'इंडेक्स टू', सोसायटीचं बिल आणि लाइट बिलावरचं नाव जुळवून बघा. मालक परदेशात असेल तर त्याच्या वतीने सही करणाऱ्याकडे पॉवर ऑफ अॅटर्नी आहे का ते विचारा.

– टोकन देण्याआधी घर स्वतः पाहा. फोटो बघून यूपीआयने टोकन पाठवणं हा फसवणुकीचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

– डिपॉझिट आणि भाडं बँकेतूनच द्या.

– राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. ओल, तुटलेली टाइल, गीझर, मीटरचं रीडिंग. तोच व्हिडिओ मालकाला व्हॉट्सअॅप करा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो.

– करारात या पाच गोष्टी शोधा: लॉक-इन किती महिने, नोटीस किती दिवसांची, पेंटिंग कुणाचं, दुरुस्ती कुणाची आणि डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसांत परत. शेवटची ओळ बहुतेक करारांत मोघम असते. "चावी देताना त्याच दिवशी" असं लिहून घ्या.

– पाणी किती वाजता येतं, टँकर लागतो का, हे एजंटला विचारू नका. वॉचमनला किंवा शेजारच्या काकूंना विचारा.

– एजंटची दलाली आधी ठरवा. महारेराचे नियम घरविक्रीतल्या एजंटांसाठी आहेत. भाड्याची दलाली त्यात येत नाही, त्यामुळे दर कुणी ठरवून दिलेला नाही. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा दलाली द्यायची का, हेही पहिल्याच दिवशी विचारा.

– जुन्या कर प्रणालीत एचआरएची सवलत घेत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल, तर मालकाचा पॅन लागतो. मार्चमध्ये मागितला तर मिळत नाही. करार करतानाच घ्या.

– मुदत संपल्यावर मालकाने घराला कुलूप ठोकलं किंवा पाणी-वीज तोडली, तर तो कायदेशीर मार्ग नाही. घर हवं असेल तर त्याने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं असतं. पण मुदत संपल्यावर हट्टाने राहणं तुम्हालाही दुप्पट महाग पडतं.

शेवटी प्रश्न काय उरतो?

१९४७ च्या कायद्याने भाडेकरूला इतकं सांभाळलं की मालकांनी घरंच द्यायची बंद केली. १९९९ च्या कायद्याने मालकाला घर परत मिळण्याची हमी दिली. तोल एकदा एका बाजूला गेला, मग दुसऱ्या. डिपॉझिट परत मिळवून देणारी स्वस्त आणि झटपट व्यवस्था मात्र अजून कुणी उभी केलेली नाही. मालकासाठी सक्षम प्राधिकारी चालतो, तर भाडेकरूसाठी का नाही? भाडेकरूंची मतदार यादीतली नावं अनेकदा गावाकडे किंवा जुन्या पत्त्यावर असतात, दर दोन वर्षांनी त्यांचा वॉर्ड बदलतो. त्यामुळे त्यांच्यासाठी हा प्रश्न विचारायला नगरसेवकही येत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात रजिस्टर केलेला करार आहे आणि पहिल्या दिवशी काढलेला तो व्हिडिओ. पुढच्या वेळी "११ महिन्यांचं आहे, नोटरी करून टाकू" असं कुणी म्हणालं, तर कलम ५५ लक्षात ठेवा. आणि "स्टेशनपासून १० मिनिटं" असं म्हणालं, तर एकदा चालून बघा.